कुत्र्यास फेफरे येते तेव्हा

खळ्याची व गोठ्याची राखण करणारा कुत्रा एकाएकी कोसळतो, पाय ताठ करून आचके देतो, तोंडास फेस येतो. तो पिसाळला अशा समजुतीने पुष्कळदा त्याच्यावर काठी उगारली जाते. परंतु हे फेफरे, म्हणजे अपस्मारही असू शकतो. आणि अपस्माराचा कुत्रा औषधाने पुष्कळ वर्षे राखण करू शकतो.

झटका बहुधा एकदोन मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ धीर धरावा. जवळची अवजारे दूर करावी, डोक्याखाली गोणपाट सारावे, मुलांना व इतर कुत्र्यांना बाजूस न्यावे. त्याच्या तोंडात हात, चमचा वा पाणी घालू नये. त्याची जीभ घशात जात नाही. उलट बेशुद्धीत तो कडकडून चावतो. कांदा वा वहाण हुंगविण्याने काही साधत नाही. घड्याळ मात्र पाहावे व तारीख, वेळ टिपून ठेवावी. शुद्धीवर आल्यावरही तो काही काळ भांबावलेला असतो, धन्यासही ओळखत नाही. पूर्ण सावध झाल्यावरच त्यास पाणी द्यावे.

झटका ५ मिनिटांहून अधिक टिकल्यास, २४ तासांत पुन्हा आल्यास, अथवा कीटकनाशक वा उंदराचे विष पोटात गेल्याचा संशय असल्यास त्यास तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. विषाची बाटली वा वेष्टन सोबत घ्यावे.

अपस्माराचा कुत्रा दोन झटक्यांच्या मधल्या काळात नेहमीप्रमाणे खातो, पितो, माणसे ओळखतो. पिसाळलेल्या कुत्र्याचा स्वभाव पालटतो, आवाज बदलतो, त्यास गिळता येत नाही व लक्षणे दिवसेंदिवस वाढून बहुधा १० दिवसांच्या आत तो मरतो. तथापि हा निर्णय पशुवैद्यकांनीच करावयाचा आहे. कुत्र्यास रेबीजची लस टोचलेली नसेल तर त्याच्या लाळेस स्पर्श करू नये. तो चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे.

वारंवार झटके येत असल्यास पशुवैद्यक बहुधा फेनोबार्बिटल हे औषध देतात. ते सामान्यतः दर १२ तासांनी, न चुकता द्यावे लागते. झटके थांबले म्हणून ते परस्पर बंद करू नये. एकाएकी बंद केल्यास अधिक तीव्र झटके येतात. कुत्र्यास दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी, म्हणजे फेफऱ्याच्या वेळी भीतीपोटी राखणदाराचा हकनाक बळी जाणार नाही.