परसांतील लिंबोणी

परसांत काय लावावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात; लावलेलें कसें व किती जपावें हें सांगणारे थोडे. आम्ही स्वतः बरींच वर्षें पहिल्या वर्गांत मोडत होतों. सदतीस वर्षें मुलांना संस्कृत व मराठी शिकवितांना षड्ऋतूंचीं लक्षणें आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहून दिलीं असतील, त्याची गणती नाहीं. पण शरद् आणि हेमंत यांतील भेद झाडाच्या मुळाला कसा कळतो, हें समजण्यास आम्हांस २०१८ सालीं सेवानिवृत्त व्हावें लागलें, आणि त्यानंतरहि एक अपराध करावा लागला. तो पुढें सांगूंच.

आमचें घर कऱ्हाडचें. मागील अंगणापलीकडे दीड गुंठ्याचें परस. माती कृष्णाकांठची, काळी व भारी. ही माती उन्हाळ्यांत बोटभर भेगाळते, आणि पावसाळ्यांत एकदां भिजली म्हणजे आठ-आठ दिवस ओल सोडीत नाहीं. ज्यांना बाग करावयाची त्यांनीं आधीं आपल्या मातीचा स्वभाव ओळखावा. मूठभर ओली माती दोन तळहातांत वळून पाहावी. बारीक वळी होऊन ती मोडली नाहीं, तर माती भारी समजावी. अशा मातींत झाडें तहानेनें मरण्यापेक्षां पाण्यानें अधिक मरतात.

मृग साधारणतः ७-८ जूनला लागतो. त्यापूर्वी मांडव बांधून व्हावे आणि पावसाच्या पाण्याला परसाबाहेर वाट करून ठेवावी. दोडका, पडवळ, कारलें हे मांडवाचे वेल. भेंडी आणि गवार मोकळ्या वाफ्यांत. आषाढांत झेंडूचें बीं टाकलें कीं दसऱ्याच्या तोरणाची चिंता मिटते. अळवाला न्हाणीचें सांडपाणी पुरतें; मात्र हल्लींच्या कपडे धुण्याच्या पुडींचें पाणी खारें असतें, तें कोणत्याहि झाडाकडे वळवूं नये.

पण आमच्या परसाचा मान लिंबोणीचा. २००१ सालीं आमच्या मातुःश्रींनीं ती लावली; त्यांच्या पश्चात् थोरल्या वहिनींनीं ती आपली मानली. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. लोणचें, सरबत, पोह्यांवर पिळावयाची फोड, यांसाठीं बाजारांतून कधीं लिंबू आणल्याचें आम्हांस आठवत नव्हतें. पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी लिंबोणीचीं कोंवळीं पानें खाते. पुढें तिचें सुरेख फुलपांखरूं होतें. वहिनी ती अळी काडीनें उचलून कढीलिंबावर नेऊन सोडीत, कारण तोहि तिला चालतो. हिंसा टळते आणि लिंबोणीहि वाचते. कढीलिंबाला काय वाटत असेल, हें मात्र कोणीं विचारलें नाहीं.

२०२२ च्या ज्येष्ठांत आमच्या हातीं रिकामा वेळ होता आणि डोक्यांत उत्साह. लिंबोणीला भरपूर खत द्यावें म्हणून आम्हीं बुंध्याभोंवतीं शेणखत व माती हातभर चढविली, आणि त्याभोंवतीं चांगलें खोल आळें केलें. वहिनी पडवींतून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, बुंध्याशीं माती चढवूं नका. सासूबाई कधीं चढवीत नसत. पाणीसुद्धां लांबूनच पाजायच्या तिला."

"वहिनी," आम्ही म्हणालों, "झाड जेवतें तें मुळांनीं. अन्न मुळांशीं नाहीं घालावयाचें तर कोठें?"

वहिनी पुढें बोलल्या नाहींत. दिरानें शब्द टाकल्यावर वाद वाढविण्याची त्यांची रीत नाहीं, आणि तिचा फायदा आम्हीं घेतला, हें आज लिहितांना कबूल केलें पाहिजे. अन्न घेणारीं बारीक मुळें बुंध्याशीं नसतात. झाडाचा घेर जेथें संपतो त्या कडेच्या आसपास तीं पसरलेलीं असतात. हें आम्हांस ठाऊक नव्हतें. वहिनींना तें शब्दांत सांगतां आलें नसतें, पण ठाऊक होतें.

पावसाळा लागला, आळें भरलें, आणि भरलेंच राहिलें. भाद्रपदांत पानें पिवळीं पडून गळूं लागलीं. चढविलेली माती उकरून पाहिली तों साल काळपट, मऊ आणि कुजकी. जरा वर तडकलेल्या सालींतून डिंक ओघळत होता. ओळखीच्या एका कृषिपदवीधरानें पाहतांच रोगाचें नांव सांगितलें : डिंक्या. फायटोफ्थोरा नांवाचा एक सूक्ष्म जीव मातींत असतो. त्याचीं बीजें पाण्यांत पोहतात. बुंध्याशीं ओल सतत राहिली कीं तीं सालींत शिरतात. सालीचा पट्टा सभोंवार कुजला म्हणजे पानांनीं केलेलें अन्न मुळांपर्यंत उतरत नाहीं, आणि झाड उभ्या उभ्या उपाशी मरतें.

लाजेची गोष्ट निराळीच आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय घातला आहे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, थंडींत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यांत जमीन सुकली तरच पाणी द्यावें, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. हा अध्याय विद्यार्थिदशेंत आम्हीं मुखोद्गत केला होता. त्याचा अन्वय आणि समास आम्ही झोपेंतहि सांगितले असते. जमीन सुकली आहे कीं नाहीं, हें बोट घालून पाहणें मात्र त्या विद्येंत बसत नव्हतें.

उपाय केला तो असा. आळें बुजविलें, बुंधा मोकळा केला, कुजकी साल धारदार चाकूनें निरोगी साल लागेपर्यंत खरवडली आणि तो कचरा जाळला. मग बोर्डो मलम लावलें. अर्धा लिटर पाण्यांत १०० ग्रॅम मोरचूद आणि दुसऱ्या अर्ध्या लिटरांत १०० ग्रॅम कळीचा चुना भिजवावा. चुना निवल्यावर त्यांत मोरचुदाचें पाणी हळूहळू ओतून ढवळावें. भांडें मातीचें किंवा प्लास्टिकचें घ्यावें. लोखंडाचें घेऊं नये. तयार मलमांत लोखंडी सुरी बुडवून पाहावी; तिच्यावर तांबूस थर धरला तर चुना आणखी हवा. हें मलम जमिनीपासून दोन फूट उंचीपर्यंत, एकदां पावसाळ्यापूर्वी व एकदां नंतर लावावें. आळें दुहेरी करावें : आंतील कडें बुंध्याभोंवतीं कोरडें, आणि पाणी बाहेरच्या कड्यांत.

झाड जगलें, पण निम्में. पश्चिमेकडील सर्व फांद्या वाळल्या. पुढल्या वैशाखांत घरांत प्रथमच बाजारचीं लिंबें आलीं. वहिनींनीं तीं मोजून घेतलीं आणि आम्हांस एक अक्षर बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

तेव्हांपासून वर्षाचीं बाकीचीं कामें आम्ही त्यांना विचारून करतों. पाऊस सरला कीं ऑक्टोबरांत गुलाबाची छाटणी. मार्गशीर्षांत मोगऱ्याचें पाणी तोडावयाचें आणि पौषांत तो छाटावयाचा, म्हणजे उन्हाळ्यांत फुलांना तोटा नाहीं. हिंवाळ्याचे मेथी, पालक, मुळा हे वाफे सुनांनीं आपसांत वांटून घेतले आहेत. तेथें आमचें काम झारी भरून देण्यापुरतें. चैत्रापासून मातीवर वाळल्या पानांचा चार बोटें जाड थर घालतों, त्यामुळें भेगा पडत नाहींत. केळीजवळ कच्च्या भाजणीचें एक मडकें गळ्यापर्यंत पुरलें आहे; तें भरलें कीं पाणी झिरपत राहतें. लिंबोणीजवळ मडकें नाहीं.

एक गोष्ट आम्हांस फार उशिरां कळली. २०२२ च्या आश्विनांत, झाड जगतें कीं मरतें हें कोणालाच ठाऊक नसतांना, वहिनींनीं त्या झाडाच्या शेवटच्या लिंबांचें बीं न सुकवितां तसेंच एका फुटक्या डब्यांत पेरलें होतें. लिंबाचें बीं वाळलें कीं रुजण्याची शक्ति लवकर गमावतें, म्हणून ही घाई. कागदी लिंबाच्या एका बियेंतून पुष्कळदां दोन-तीन अंकुर निघतात, आणि त्यांतील बहुतेक मातृवृक्षाच्याच पेशींचे असल्यामुळें रोप हुबेहूब आईसारखें होतें. म्हणजे मातुःश्रींची लिंबोणी डब्यांत होती.

२०२४ च्या मृगांत वहिनींनीं तो डबा आमच्यापुढें ठेवला. "भाऊजी, खड्डा तुम्हीच काढा." आम्हीं काढला, त्यांत मुरूम आणि शेणखत मिसळून उंचवटा केला, आणि माती कोठवर घालावी असें विचारलें. त्यांनीं रोपाच्या देंठावर बोट ठेवून दाखविलें, तेथवरच घातली.

नवें रोप आतां कमरेइतकें आहे. त्याला फळ येण्यास अजून दोन-तीन वर्षें लागतील. जुन्या झाडाच्या पूर्वेकडील फांदीला यंदा हस्तांत बहर आला. सतरा फुलें आहेत, असें वहिनी सांगतात. आम्ही मोजलीं तीं सोळा.