अव्वल कोण? मोजपट्टी कुणाची?

यूएफसी (मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए लढती भरवणारी संस्था) क्रमवारी: सुरुवात फेब्रुवारी २०१३. मतदान निवडक पत्रकारांचे. यादीत फक्त यूएफसीचेच लढवय्ये. बाहेरचा कितीही मातब्बर असला तरी जागा नाही.

प्राइड (एमएमए संस्था, जपान, १९९७–२००७): यूएफसीसारख्या पिंजऱ्याऐवजी रिंग. पहिली फेरी १० मिनिटांची. खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ चालायची. यूएफसीत फेरी ५ मिनिटांची, अशी लाथ नियमबाह्य. प्राइडचा हेवीवेट विजेता फेडोर एमेलियानेन्को यूएफसीत कधीच लढला नाही.

वजनगट: नाव एकच, वजन वेगळे. लाइटवेटची कमाल मर्यादा यूएफसीत ७०.३ किलो, वन चॅम्पियनशिप या दुसऱ्या संस्थेत ७७.१.

दोन संस्थांत विजेता: एडी अल्वारेझ. आधी बेलाटर, मग २०१६ मध्ये यूएफसी, गट लाइटवेट.

मालकीबदल: प्राइड (२००७) आणि स्ट्राइकफोर्स (२०११) या संस्था यूएफसीच्या मालकांकडे. बेलाटर २०२३ मध्ये पीएफएल या संस्थेकडे.