फासा, गाठ आणि घर्षण

नागपूरजवळचं माहुरझरी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते शिळावर्तुळांमुळे आणि मण्यांमुळे. शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात तिथे उत्खनन केलं. अकीक, कार्नेलियन अशा कठीण दगडांचे मणी या गावात घडत होते. शतकानुशतकं मणी टिकले. ते ज्यात ओवले गेले तो दोरा मात्र मातीत कुजून गेला. माळेचा जीव मण्यात नसतो, बांधणीत असतो.

आजही नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात मण्यांची पोत गाठवायला दिली की पटवा, म्हणजे दागिने ओवणारा कारागीर, मानेमागे रेशमी दोरा गुंडाळून सरकती गाठ देतो. गाठीत खिळा नाही, डाक (सोल्डर) नाही, तरी ती माळेचं वजन पेलते. याचं कारण, वेढ्यागणिक घर्षणाचा परिणाम बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढतो. घर्षणांक ०.३ धरला तर एक वेढा ओढ साधारण साडेसहा पटींनी पेलतो, दोन वेढे ४३ पटींनी आणि तीन वेढे जवळजवळ २८५ पटींनी. अठराव्या शतकात ऑयलरने मांडलेलं हे गणित. दोरा गुळगुळीत असला आणि घर्षणांक ०.१ वर उतरला, तर तेच तीन वेढे जेमतेम साडेसहा पटीच देतात. गुळगुळीत नायलॉनची गाठ आपोआप सुटते ती म्हणूनच.

माळेची टोकं जोडणाऱ्या सोन्याच्या फाशाचं गणित वेगळं. कडी बंद करायला लागणारा डाक दागिन्याच्या आधी वितळायला हवा आणि २२ कॅरेटचं सोनं हजार अंशांच्या थोडं खालीच वितळू लागतं. म्हणजे कारागिराच्या हाती फरक थोडाच. सवागी (टाकणखार) सोन्यातल्या तांब्याचा ऑक्साइड विरघळवते, आणि मग वितळलेला डाक केशाकर्षणाने फटीत स्वतःच ओढला जातो. फट रुंद असेल तर तो ओढला जात नाही, म्हणून कडीची टोकं आधी नीट भिडवणं हे डाकापेक्षा मोठं कौशल्य आहे. पूर्वी डाकात कॅडमियम घालत. ते ७६७ अंशांना उकळतं, त्यामुळे आचेवर त्याची वाफ होऊन कारागिराच्या फुप्फुसात जाई. मूत्रपिंडांनाही ते घातक. कॅडमियमचा डाक मागे पडला हे फार चांगलं झालं.

आचेचा आणखी एक परिणाम असतो. जंतरातून, म्हणजे भोकांच्या पट्टीतून, ओढलेली तार ताठ असते, तापवली की मऊ पडते. त्यामुळे एस आकाराचा हूक आधी डाकून घ्यावा आणि मग हलकेच ठोकावा. ठोकल्याने धातूचा ताठपणा परत येतो. चिमट्यासारख्या फाशात पोलादी स्प्रिंग असते, तिला आच लागली की ती निकामी. असा फासा वेगळ्या कडीने जोडतात. ती कडी उघडताना टोकं एकमेकांपासून दूर ताणू नयेत, एक पुढे आणि एक मागे अशी वळवावीत. असं केल्याने गोलाई बिघडत नाही.

तरी माळ तुटते ती बहुधा फाशालगत. प्रत्येक हालचालीला कडीची कड तिथल्या एकाच जागी दोरा घासते, त्यात नागपूरच्या उन्हाळ्यातला घाम रेशीम कमजोर करतो. कडीत दोरा थेट न अडकवता बारीक तारेच्या गुंडाळीतून नेला तर घर्षण गुंडाळीवर जातं. फाशाजवळचा दोरा काळपट, केसाळ दिसू लागला की पोत लगेच पुन्हा गाठवून घ्यावी आणि पटव्याला मण्यामण्यात गाठ द्यायला सांगावं. दोरा तुटला तरी मग सगळे मणी एकदम सांडत नाहीत.