नवख्याचा प्रश्न

मुक्त सॉफ्टवेअर हे नाव आता देहू-आळंदीच्या पंचक्रोशीतल्या शाळांपर्यंत आणि तळवडे-चाकणकडच्या लहान कारखान्यांपर्यंत येऊन पोचले आहे. त्याला एक अगदी व्यवहारी कारण घडले. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. तिच्या पुढची विंडोज 11 पुष्कळ जुन्या यंत्रांवर चढत नाही. तिला नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि सुरक्षिततेची एक खास चिप लागते. शाळेतला कॉम्प्युटर धडधाकट आहे, पडदा उजळतो आहे, कळफलकाच्या दोन-चार कळा तेवढ्या झिजल्या आहेत. मग तो भंगारात का घालावा? असा प्रश्न गुरुजींना पडतो. कोणीतरी जाणता सांगतो, "गुरुजी, लिनक्स टाका. फुकट आहे." गुरुजी लिनक्स टाकतात, आणि खरी अडचण तेथून पुढे सुरू होते.

त्या अडचणीविषयी चार शब्द सांगण्यापूर्वी ‘फुकट’ या शब्दाचा निकाल लावला पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळते हे खरे, पण त्याचे मर्म फुकटेपणात नाही. त्याच्या परवान्याने तुम्हाला चार गोष्टींची मोकळीक दिलेली असते: ते हव्या त्या कामाला वापरावे, ते कसे चालते हे उघडून पाहावे, त्याच्या प्रती दुसऱ्याला द्याव्यात, आणि त्यात सुधारणा करून ती सुधारलेली प्रतही वाटावी. या विचाराचा पाया अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी घातला. ते एमआयटी या संस्थेत काम करीत असता तेथे एक नवा प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. अडकल्याची सूचना सर्वांना मिळावी एवढी दुरुस्ती त्यांना करायची होती. पण प्रिंटरची मूळ आज्ञावली त्यांना कोणी दाखवीना. स्वतःच्याच संस्थेतले यंत्र, आणि ते सुधारण्याची बंदी! 1983 साली त्यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. पुढे 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून सर्वांपुढे ठेवला. तोच लिनक्स. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच गाभा आहे.

अनेकांच्या हाती असलेली वस्तू सहजासहजी बुडत नाही, हे देहूच्या माणसाला वेगळे सांगायला नको. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, ही कथा येथले पोर आईच्या मांडीवर ऐकते. त्या वह्या तरल्या अशी श्रद्धा आहे. आणि अभंग लोकांच्या मुखी होते, चाकणच्या संताजी जगनाड्यांसारख्यांनी ते लिहून ठेवले होते, असेही परंपरा सांगते. मुखातून मुखी, वहीतून वहीत असा हा ठेवा चालत आला आणि 1869 ते 1873 या काळात मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून सरकारी साहाय्याने गाथा छापून निघाली. एकाच पेटीत कुलूप लावून ठेवलेली वही आणि गावोगावी उतरून घेतलेली वही, यांत कोणती अधिक सुरक्षित, हे सांगायला पंडित लागत नाही.

पण येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अभंग लोकांच्या मुखी गेले ते आपोआप नव्हे. येणाऱ्याला कोणीतरी जवळ बसवून शिकवले. आजही दिंडीत नवा माणूस आला तर त्याच्या हाती टाळ देतात आणि रांगेत उभा करतात. शेजाऱ्याच्या पावलाकडे पाहत पाहत तो पावली शिकतो. त्याचा ताल चुकला म्हणून कोणी त्याला रांगेतून हुसकावत नाही, आणि त्यालाही ‘माउली’ असेच म्हणतात. परवाना वस्तू मोकळी करील. पण माणसाला आत घेण्याचे काम माणसांनाच करावे लागते. मुक्त सॉफ्टवेअरचे घोडे बरेचदा येथेच अडते.

कसे ते पाहू. समजा, मावळातल्या एखाद्या शाळेतल्या बाईंनी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवून घेतले. त्यांच्याजवळ दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. त्या त्यांनी लिब्रे ऑफिसमध्ये उघडल्या, तो काय, मराठीचा मागमूस नाही! पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा. बाई घाबऱ्या झाल्या. यंत्राने दहा वर्षांचे काम गिळले असे त्यांना वाटले. वस्तुस्थिती अशी की, काम जागच्या जागी आहे. पूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत लिहिताना फाइलीत साठत असत ते इंग्रजी अक्षरांच्या जागचे संकेत. वरचा फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांचा पोशाख चढवी. फॉन्ट नसला की पोशाख उतरतो आणि आतले संकेत उघडे पडतात. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असतो. 1991 सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. म्हणून उपाय असा, की जुन्या फाइलींची एक नक्कल बाजूला ठेवावी आणि रूपांतर करणाऱ्या साधनाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. मग तो लिनक्सवर, विंडोजवर, फोनवर, कोठेही वाचता येतो.

हा खुलासा फार तर दहा ओळींचा. पण बाईंनी जाणत्या मंडळींना विचारले, "लिनक्समध्ये मराठी दिसत नाही, मदत करा," आणि उत्तरे आली ती अशी: "आधी मॅन्युअल वाचा." "हा प्रश्न शंभरदा विचारून झाला आहे." "अजून जुने फॉन्ट वापरता? कमाल आहे!" चौथ्याने कोणती लिनक्स चांगली यावर वाद काढला आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. बाईंनी मनात म्हटले, हे काम आपले नव्हे. दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी चोरीची विंडोज बसवून घेतली. तीस मुलांच्या वर्गाला एका दुपारीच मुक्त सॉफ्टवेअर पारखे झाले.

आता उत्साही मंडळींचीही बाजू ऐकून घ्यावी. यांतले पुष्कळजण दिवसभर नोकरी करतात आणि रात्री, बिनपगारी, लोकांच्या शंका निवारतात. प्रश्न येतो तो बहुधा असा: "चालत नाही." काय चालत नाही, कोणत्या यंत्रावर, पडद्यावर काय उमटले, काही सांगितलेले नसते. डॉक्टरकडे जाऊन "बरे नाही" एवढेच म्हणावे आणि गप्प बसावे, त्यातला प्रकार! एरिक रेमंड यांनी 2001 साली प्रश्न कसे विचारावेत यावर एक मोठा लेख लिहिला, तो या वैतागातूनच. त्यात शहाणपण पुष्कळ आहे. पण सूर असा, की प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपली लायकी सिद्ध करावी. शिवाय जाणत्याला एक विसर पडतो. सायकल शिकलेल्या माणसाला तोल कसा सावरतो हे शब्दांत सांगता येत नाही, आणि पडणाऱ्याला पाहून त्याला वाटते की हा मुद्दाम पडतो आहे. ही गोष्ट आम्हा शिकवणाऱ्यांच्या ओळखीची आहे.

मग वैतागाला कारण आहे, तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. नवख्याला बाहेर घालवले म्हणजे केवळ एक गिऱ्हाईक गेले असे होत नाही. दोष दाखवणारा एक डोळा जातो. एक मराठी उदाहरण देतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे! हा अर्धा र हिंदीत लागत नाही. ज्याला मराठी येत नाही अशा निष्णात प्रोग्रामरपुढे दोन्ही शब्द ठेवले तर त्याला त्यांत बिघाड दिसायचाच नाही. तो म्हणेल, अक्षर उमटते आहे की! बिघाड दिसतो तो मराठीच्या बाईंना. आज युनिकोडमध्ये या र साठी सोय आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबावी, मग हलन्त आणि य, की ‘ऱ्य’ तयार. तीच गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची. त्यांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे. रेड हॅट कंपनीच्या आश्रयाने निघालेल्या ‘लोहित’ या मुक्त फॉन्टांवर पुण्यातल्या मंडळींनी पुष्कळ काम केले. अशा कामाला दिशा मिळते ती कोणीतरी "आमचे अक्षर असे नसते" म्हणून सांगितल्यामुळे. ते सांगणारा संगणकशास्त्रात नवखा आणि मराठीत जाणता असतो. त्याला गप्प केले तर मराठीचे दोष मराठी माणसाला दिसत राहतील आणि दुरुस्त करणाऱ्याच्या कानावर कधीच जाणार नाहीत.

बाहेरच्या जगालाही हे अनुभवाने पटले आहे. ऑक्टोबर 2004 मध्ये उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या मंडळींनी आरंभापासूनच एक आचारसंहिता ठेवली: बोलणे सौजन्याचे असावे, दुसऱ्याचा मान राखावा. खुद्द टोरवाल्ड्स तर तिखट बोलण्याबद्दल प्रसिद्ध. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी आपल्या वागण्याने माणसे दुखावली गेली असे जाहीरपणे म्हटले, क्षमा मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांनी त्याच महिन्यात आचारसंहिता स्वीकारली. आपल्या देशात केरळचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथे 2001 साली ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प निघाला आणि पुढे सरकारी शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले. हे साधले, कारण त्यांनी शिक्षकांमधूनच शिक्षकांचे प्रशिक्षक तयार केले. अडलेल्या शिक्षकाला विचारायला ओळखीचा माणूस होता, आणि तो त्याच्याच भाषेत बोलत होता. 2018 पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने तेथे विद्यार्थ्यांची मंडळेही उभी राहिली.

तेव्हा गुरुजनहो, आणि कारखान्यातल्या मित्रांनो, दोन्ही बाजूंनी थोडे-थोडे करण्यासारखे आहे. प्रथम विचारणाऱ्याने काय करावे? "चालत नाही" असे न म्हणता चार गोष्टी सांगाव्यात. मला काय करायचे होते. मी क्रमाने काय केले. पडद्यावर काय उमटले, ते जसेच्या तसे, शक्य तर फोनने छायाचित्र काढून. आणि यंत्र व प्रणाली कोणती. यापूर्वी कोणता उपाय करून पाहिला तेही सांगावे. चाकणच्या वर्कशॉपमधल्या तरुणाला फ्रीकॅडमध्ये नकाशा काढताना अडचण आली, तर त्याने "माप चुकते" एवढेच न म्हणता "मी मिलिमीटर निवडले होते, 25 टाकले, कागदावर निराळे आले" असे म्हणावे. निम्मे उत्तर त्यातच सापडते. उपाय लागू पडला तर तसे कळवावे. मदत करणाऱ्याला तेवढाच मोबदला मिळतो, आणि पुढच्या अडलेल्याला वाट सापडते. कोणी तिरकस बोलले तर त्यावरून साऱ्या मंडळींची परीक्षा करू नये. शंभरांत दहा तोंडाळ असतात आणि आवाज त्यांचाच मोठा असतो.

आता उत्तर देणाऱ्याने काय करावे? आधी अडलेले काम सोडवावे, तत्त्वज्ञान मागाहून. ज्या बाईंची प्रश्नपत्रिका उद्या छापायची आहे त्यांना आज स्वातंत्र्याचा इतिहास ऐकवून उपयोग नाही. "मॅन्युअल वाचा" म्हणायचे असेल तर पान कोणते ते सांगावे, आणि ते इंग्रजीत असेल तर दोन ओळींत मराठीत मतलब द्यावा. काळ्या पडद्यावर टाइप करायची आज्ञा दिली तर ती काय करते हे आधी सांगावे. न कळता मारलेल्या आज्ञेने फाइली पुसल्या जाऊ शकतात. आणि एखादे काम मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नीट होत नसेल तर तसे सरळ म्हणावे. काही प्रिंटरना लिनक्सचा चालक मिळत नाही, काही सरकारी वा कारखान्याचे कार्यक्रम फक्त विंडोजवर चालतात. हे लपवून नवख्याला आत ओढले, तर तो फसवणूक झाली म्हणत बाहेर पडतो आणि दहाजणांना तसे सांगत फिरतो.

शेवटी एक सूचना. केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तेथे एक साधी फुलस्केप वही ठेवावी. डाव्या पानावर ज्याला जे अडले ते त्याने आपल्या शब्दांत लिहावे. उजव्या पानावर, उपाय सापडेल तेव्हा, सापडेल त्याने लिहावा. प्रश्न क्षुल्लक म्हणून खोडू नये. तळवड्याच्या आयटी पार्कात काम करणारे तरुण याच गावांतून ये-जा करतात. त्यांतल्या एखाद्याला महिन्यातून एक शनिवार बोलवावे आणि वही त्याच्यापुढे ठेवावी. वर्षभरात त्या वहीत जे जमेल ते कोणत्याही इंग्रजी मॅन्युअलात मिळणार नाही, कारण ते प्रश्न मराठी शाळेचे असतील. मग वहीच्या प्रती काढून शेजारच्या केंद्रांना द्याव्यात. त्यांनी त्यात भर घालावी, चुका दुरुस्त कराव्यात आणि वही पुढे पाठवावी.