सांगाडा गुण्यात हवा

घरी रोबो करायचा ठरला की मुलं आधी आर्डुइनो, सेन्सर आणि प्रोग्रॅमकडे धावतात. सांगाडा मागे राहतो. पण रोबो सरळ चालणार की नाही, हे बरंचसं करवत आणि कानस हातात असतानाच ठरतं.

मी ॲल्युमिनियमची २५ मिलिमीटरची चौकोनी नळी घेतो. सरकत्या खिडक्या बनवणाऱ्यांकडे तिचे उरलेले तुकडे मिळतात. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं. शिवाय तेवढ्याच धातूची सपाट पट्टी सहज वाकते, नळी वाकत नाही. कारण तिचा धातू मध्यापासून दूर, कडेला असतो. भिंत मात्र दीड मिलिमीटरचीच. आरपार बोल्ट जोरात आवळला तर ती चेपते, म्हणून सांध्यापाशी नळीच्या आत लाकडाचा ठोकळा घट्ट बसवावा लागतो.

कापायच्या आधी गुण्या लावून नळीच्या चारही बाजूंवर रेघ ओढायची. एकाच बाजूच्या रेघेवर विसंबलं की करवत खाली जाता जाता तिरकी होते. कापलेलं तोंड कानशीने घासायचं, आणि त्याआधी कानशीवर खडू चोळायचा. नाहीतर मऊ ॲल्युमिनियम तिच्या दातांत भरतं. छिद्राच्या जागी पंचाने खूण करायची, मग आधी बारीक आणि नंतर हव्या त्या मापाचं ड्रिल. रॉकेलचे दोन थेंब सोडले की कीस चिकटत नाही.

चौकट ४०० बाय ३०० मिलिमीटरची धरू. बोल्ट अर्धवट आवळून दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही ५०० भरले की चौकट गुण्यात आहे. पाया आखताना गवंडी तीन-चार-पाचचं हेच गणित वापरतो. मगच बोल्ट पूर्ण आवळायचे, तेही नायलॉक नट लावून, कारण मोटरच्या थरथरीने साधे नट सैल होतात.

आता मोटरच्या पट्ट्या. दोन्ही एकावर एक शिकंज्यात आवळून छिद्रं एकदमच पाडली, तर दोन्हीकडची मापं जुळतात. एका चाकाचा आस एक अंशाने जरी फिरला, तरी ४०० मिलिमीटर अंतरात ते चाक सुमारे सात मिलिमीटर बाजूला जाऊ पाहतं. दुसरं चाक त्याला जाऊ देत नाही, म्हणून ते घसटत चालतं आणि बॅटरी खातं.

मागे एकच फिरतं चाक लावतो. तीन टेकू कोणत्याही फरशीवर टेकतात. ताठ चौकटीला चार चाकं लावली तर उंचसखल फरशीवर एखादं अधांतरी राहतं. जड बॅटरी शक्य तितकी खाली, चालत्या चाकांजवळ बसवतो, म्हणजे चाकांना पकड मिळते आणि वळताना रोबो कलंडत नाही.

दोन मोटरींच्या वेगातला फरक प्रोग्रॅम सांभाळतो. तिरक्या आसाची घसट त्याला थांबवता येत नाही. म्हणून रोबो करू पाहणाऱ्या मुलांच्या हाती लॅपटॉपइतक्याच अगत्याने गुण्या आणि कानसही द्यायला हवी.