मोजणीचे यंत्र आणि आकाशातील विद्युत्‌भारित थर

जमिनीच्या हद्दीचा वाद हा ग्रामीण जीवनातील जुना आणि कडवट प्रश्न होय. शिरूर व दौंड तालुक्यांत घोड आणि भीमा नद्यांच्या काठी बागायत वाढली, तसे बांधालगतच्या हातभर जमिनीलाही मोल आले. पूर्वी साखळी व प्लेन टेबल घेऊन शिवारात उतरणारा भूकरमापक आता रोव्हर नावाचे यंत्र घेऊन येतो. हे यंत्र सुमारे २०,००० किलोमीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरील उपग्रहांचे संदेश ग्रहण करते आणि आपले स्थान काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगते. मात्र या संदेशांना वाटेत वातावरणाचा एक चंचल थर ओलांडावा लागतो. त्यास आयनांबर असे म्हणतात.

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे उच्च वातावरणातील अणुरेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. भूपृष्ठापासून साधारण ६० किलोमीटरपासून पुढे हा थर सुरू होतो आणि २५० ते ४०० किलोमीटरच्या दरम्यान तो सर्वांत दाट असतो. त्यातून जाताना उपग्रहाच्या संदेशास विलंब होतो. सूर्य अधिक सक्रिय असलेल्या वर्षांत, भर दुपारी, हा विलंब दहा-पंधरा मीटर अंतराइतका होऊ शकतो. तो दुरुस्त केला नाही तर बांध शेजाऱ्याच्या विहिरीत जाईल! सुदैवाने कमी कंप्रतेच्या लहरींना विलंब अधिक होतो. त्यामुळे दोन कंप्रतांचे संदेश ताडून तो काढता येतो. शिवाय नक्की स्थान ठाऊक असलेल्या स्थिर केंद्राशी तुलना करून उरलेली चूकही दुरुस्त होते.

आपल्या भागाची अडचण थोडी निराळी आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे दिवसा इलेक्ट्रॉन कारंजाप्रमाणे वर उचलले जातात आणि चुंबकीय बलरेषांवरून दोन्ही बाजूंना घसरतात. त्यांचा उत्तरेकडील साठा अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर होतो. पुणे जिल्हा या दोहोंच्या मध्ये येतो. सूर्यास्तानंतर थराचा खालचा भाग झपाट्याने विरळ होतो, विरळ भागाचे बुडबुडे वर चढतात आणि संदेश लुकलुकू लागतात. कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून रात्रीच्या आकाशातील अतिमंद तांबूस प्रकाशाची छायाचित्रे घेण्यात आली आहेत. त्यांत हे बुडबुडे काळ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतात.

शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ३० ॲन्टेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारण्यात आली. प्रत्येक ॲन्टेनाचा व्यास ४५ मीटर आहे. दूरच्या दीर्घिकांचे वेध घेताना आयनांबर त्या लहरींना डळमळीत करते. खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने तो अडथळाच. परंतु इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी याच डळमळण्याचा उपयोग करून दुर्बिणीवरील आयनांबरातील अत्यंत सूक्ष्म फेरफार मोजले. एकाचा अडथळा हा दुसऱ्याचा अभ्यासविषय ठरला.

या अभ्यासाची महाराष्ट्रातील परंपरा मात्र बरीच जुनी आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळात युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली, तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आले. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबाग येथे नवे केंद्र उभारले. त्यांनी जवळजवळ दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेतली, म्हणूनच मालिका तुटली नाही. १८४६ ते १९०५ या काळातील सामग्रीचे त्यांनी केलेले विवेचन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. १८५९ च्या वादळाची तीव्रता ठरविताना २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे डॉ. गुरबक्ष लखिना व त्यांच्या सहकाऱ्यांना कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदीच उपयोगी पडल्या. सरकारी दप्तरातील नियमित नोंदीचे मोल पुष्कळदा असे शतकानंतर कळते.

१० व ११ मे २०२४ च्या चुंबकीय वादळात लडाखमधील हानले येथे तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात, उपग्रहाच्या मार्गदर्शनाने चालणारे ट्रॅक्टर शेतकऱ्यांना थांबवावे लागले. याचा अर्थ मोजणीतील प्रत्येक तक्रार आकाशाच्या माथी मारावी असा नव्हे. बहुतेक वादांची मुळे जमिनीवरच, जुन्या नकाशांत आणि हलविलेल्या दगडांत असतात. तथापि अशा दिवशी रोव्हरला स्थिर वाचन मिळत नसेल, तर काम तसेच रेटू नये. ज्ञात बिंदूवर यंत्र पडताळावे आणि मापन दुसऱ्या वेळी पुन्हा घ्यावे. ग्रामपंचायतीनेही त्यास विलंब समजून आक्षेप घेऊ नये.

वादळाची पूर्वसूचना मिळावी यासाठी आता आदित्य-एल१ हे यान उपयोगी पडते. २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडून येणाऱ्या कणांचे मापन करते. त्यातील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. यानाजवळून गेलेला वेगवान कणप्रवाह पृथ्वीपर्यंत पोहोचण्यास साधारण तासाभराचा अवधी लागतो. वादळ तीव्र असेल तर त्याहूनही कमी.