छपराची निगा

पाऊस, ऊन व वारा यांमुळे छपराची होणारी झीज रोखून त्याचे आयुष्य वाढविण्यासाठी वेळोवेळी केल्या जाणाऱ्या तपासणी, साफसफाई व दुरुस्तीच्या कामांस छपराची निगा म्हणतात. छपराचे सामान्यतः दोन भाग असतात : पाणी अडवून वाहून नेणारे वरचे आच्छादन (कौले, पत्रे, माती, कोबा इ.) आणि त्याचा भार भिंतींवर वा खांबांवर सोपविणारा सांगाडा (आढे, वासे, तुळया, रिपा किंवा सळयायुक्त काँक्रीट). आच्छादनाचा खराब झालेला भाग बदलता येतो; सांगाडा बदलणे म्हणजे बहुधा छप्पर नव्याने उभारणेच होय. म्हणून सांगाड्यापर्यंत पाणी पोहोचू न देणे आणि त्यावरील भार वाढू न देणे, ही निगेची दोन प्रमुख उद्दिष्टे होत. पहिल्याकडे सहसा लक्ष दिले जाते. दुसरे पुष्कळदा दुर्लक्षिले जाते आणि गळती थांबविण्याचा उपायच छपरास घातक ठरतो.

महाराष्ट्रात छपरांचे प्रकार पर्जन्यमानानुसार भिन्न आहेत. कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उतरती कौलारू छपरे, विदर्भात कवेलूंची छपरे, मराठवाडा व सोलापूर या कमी पावसाच्या भागांत मातीची सपाट माळवदे किंवा धाबी, तर शहरांत व आता खेडोपाडीही काँक्रीटच्या गच्च्या व पत्रे आढळतात. प्रत्येक प्रकाराची निगा वेगळी असते.

कौलारू छप्पर : मंगलोर येथे बाझेल मिशनने १८६५ मध्ये यंत्राने कौले तयार करण्याचा कारखाना काढला. तेव्हापासून खाचा असलेली ही ‘मंगलोरी’ कौले पश्चिम किनाऱ्यावर प्रसृत झाली. त्यापूर्वीची नळीची कौले केवळ एकमेकांवर रचलेली असल्याने वाऱ्याने, मांजरांच्या व माकडांच्या वावराने सरकतात. त्यामुळे ती दरवर्षी उतरवून पुन्हा लावावी लागतात. मंगलोरी कौलाच्या पाठीवरील उंचवटा रिपेत अडकतो व कडांच्या खाचा परस्परांत बसतात, म्हणून त्यास कमी डागडुजी लागते. परंतु ती मुळीच लागत नाही, असे नाही.

अशा छपरात पाणी शिरण्याची कारणे मुख्यतः तीन : फुटलेली वा सरकलेली कौले, पालापाचोळ्याने व शेवाळाने तुंबलेल्या खाचा, आणि दोन पाखी मिळतात त्या जागेवरील पन्हळीत साचलेला कचरा. तुंबलेल्या जागी पाणी मागे फुगते व कौलाच्या वरच्या कडेवरून आत उतरते. कौल फुटलेले नसतानाही घर गळते, ते यामुळेच.

एका ठिकाणच्या गळतीने होणारी हानी तेवढ्याच जागेपुरती राहत नाही. लाकडातील ओलावा सु. २० टक्क्यांहून कमी असेपर्यंत कुजविणारी बुरशी त्यात वाढत नाही. सतत ओल राहिल्यास प्रथम रीप व नंतर वाशाचे भिंतीवर टेकलेले टोक कुजते आणि वाळवीस वाट मिळते. वासा खचला की त्यावरील कौलांची ओळ वाकते, खाचा उघडतात व गळती वाढते. एक कौल वेळीच न बदलल्याने काही वर्षांत संपूर्ण पाखे उतरविण्याची वेळ येते, ती या क्रमाने. वाशांची टोके टोचणीने तपासावीत. ती सहज आत गेली, तर लाकूड निकामी झाले असे समजावे. चुलीच्या धुराने वासे काळे पडत, पण त्यांस कीड कमी लागे, असा अनुभव आहे. चुली गेलेल्या घरांत हे काम लाकूडरक्षक तेलांनी करावे लागते. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल यासाठी वापरतात. ते त्वचेस दाहक असल्याने हातमोजे घालूनच लावावे.

शाकारणीच्या वेळी कौले आढ्याकडून खाली उतरवतात, ब्रशाने शेवाळ काढतात व बोटाने वाजवून पाहतात. चिरलेल्या कौलाचा आवाज बद्द येतो. पुन्हा लावताना सुरुवात वळचणीपासून करून आढ्याकडे जातात. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा परस्परांत नीट बसत नाहीत. म्हणून त्याच छापाची काही कौले राखून ठेवणे हिताचे असते. छपरावर शिडी आडवी टाकून तिच्यावरूनच वावरावे. समुद्रकाठी वळचणीकडील व कडेच्या ओळी तारेने रिपांना बांधाव्यात, कारण वारा छपरास प्रथम कडेनेच उचलतो. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात हजारो घरांची कौले व पत्रे उडाले आणि पाठोपाठ पावसाळा सुरू झाल्याने उघडे पडलेले सांगाडे भिजले.

माळवद : लाकडी तुळयांवर फळ्या वा काटक्या पसरून त्यांवर पांढऱ्या मातीचा थर चोपून माळवद तयार करतात. ते उन्हाळ्यात थंड राहते. पावसापूर्वी तडे बुजविण्यासाठी त्यावर नवी माती टाकण्याची रीत आहे. मात्र जुनी माती न काढता नवी टाकत गेल्यास थर पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो. १० सेंमी. जाडीच्या मातीचे वजन दर चौ. मी. स सु. १६० किग्रॅ. भरते, मंगलोरी कौलांचे वजन तेवढ्याच क्षेत्रास सु. ४० ते ५० किग्रॅ. असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपात सु. आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरील मातीची जड छपरे हे त्या प्राणहानीचे एक प्रमुख कारण होते. म्हणून माळवदाची निगा राखताना जितकी माती टाकावयाची तितकी जुनी खरवडून काढावी, शक्य तर मूळ थरही पातळ करावा, उगवलेले गवत मुळासकट उपटावे, पाण्याचा उतार पन्हळींकडे ठेवावा आणि खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपे आधार द्यावेत.

पत्रे : जस्तलेपित पत्र्यास जस्ताचा थर असेपर्यंत गंज चढत नाही. हुकबोल्ट पत्र्याच्या नळीच्या माथ्यावरच असावेत. खोलगट भागातील भोकातून पाणी हमखास आत येते. सैल बोल्ट आवळावेत, चकत्या बदलाव्यात व गंजाचे डाग घासून त्यांवर गंजरोधक रंग द्यावा. ॲस्बेस्टस-सिमेंटचे जुने पत्रे मात्र कोरडे घासू, कापू वा फोडू नयेत, कारण त्यांतील तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन गंभीर विकार होतात.

काँक्रीटची गच्ची : गच्चीस पाणी निघून जाण्यापुरता, निदान शंभरास एक, उतार असावा, पाणी जाण्याची तोंडे पावसाळ्यात वारंवार साफ करावीत, कठड्याच्या पायथ्याशी असलेले वाटे तडकल्यास बुजवावेत आणि पिंपळ-वडाची रोपे लहान असतानाच काढावीत. पाणी सळयांपर्यंत पोहोचल्यास त्या गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने खालचे काँक्रीट फुटून त्याच्या खपल्या पडतात. अशा जागी केवळ गिलावा केल्यास दोष झाकला जातो, थांबत नाही. सुटे काँक्रीट काढून, सळया स्वच्छ करून व आवश्यक तेथे जोड देऊन दुरुस्ती करावी लागते. जुन्या कोब्यावर नवा कोबा घालण्याची पद्धत माळवदावर माती चढविण्याच्या रीतीइतकीच सदोष आहे. वापराच्या गच्चीवर भारतीय मानकानुसार दर चौ. मी. स सु. १५० किग्रॅ. चल भार गृहीत धरतात, १० सेंमी. जाडीच्या विटांच्या कोब्याचे वजनच त्याहून अधिक भरते. म्हणून जुना थर काढूनच नवा घालावा.

कामाचा काळ : गळतीचे डाग ताजे असताना, म्हणजे पावसाळा संपताच, तपासणी करून सदोष जागा खुणावून ठेवाव्यात. दुरुस्ती कोरड्या ऋतूत करावी व शाकारणी मृग नक्षत्रापूर्वी पुरी करावी. भर पावसातील दुरुस्ती तात्पुरतीच असते. ओल्या छपरावर चढणे धोक्याचेही असते. पहिल्या एक-दोन मोठ्या सरींनंतर छताची आतून पुन्हा पाहणी केल्यास राहून गेलेले दोष पावसाळ्याचा जोर वाढण्यापूर्वीच दिसून येतात.